आजीचं ‘म्हणे’ कुठे सांडलं?

*पत्र:* आमचं घर नागपुरात, इतवारीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक आमच्या गॅलरीतून दिसते, म्हणून दरवर्षी पाहुण्यांची गर्दी असते. यंदा नवी भाचसून आली होती. पुण्यात इतिहासात एम.ए. केलेली, हुशार पोरगी. माझा नातू तिसरीत आहे. त्यानं विचारलं, ‘आजी, ही काळी कोण?’ मला जे माहीत होतं ते मी सांगितलं: ती बाकाबाई, भोसल्यांची राणी, तिनं इंग्रजांना राज्य विकलं म्हणून तिला जाळतात. भाचसून सगळ्यांसमोर म्हणाली, ‘मामी, असं काही झालेलं नाहीये. उलट राज्य परत मिळावं म्हणून तिनं अर्ज केले होते. लोक ना, इतिहासाच्या नावाखाली काहीही सांगतात.’ सगळे हसले. नातू म्हणाला, ‘आजी, मग तू खोटं सांगितलंस का?’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे म्हणाले, ‘जाऊ दे ना, आपल्याला काय करायचं आहे इतिहासाचं.’ शाळेत मला इतिहासात नेहमी पस्तीस-चाळीस. तारीख म्हणाल तर एकच पाठ आहे, १ जानेवारी १८७७. माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते, दर नव्या वर्षाला ‘आज मिलचा वाढदिवस’ म्हणून सांगायचे. आमच्यासारख्यांनी इतिहासाबद्दल बोलूच नये का? आणि नातवाला आता काय सांगू?
एक आजी, इतवारी

ताई,

आधी नातवाचं बघू. तुमच्या पत्रात त्याच्या वाक्याखाली पेनानं दोन रेघा मारलेल्या आहेत, म्हणजे दुखणं तिथे आहे.

तुम्ही खोटं बोलला नाहीत. खोटं बोलायला आधी खरं ठाऊक असावं लागतं. तुम्ही ऐकलेलं सांगितलंत, फक्त सांगताना एक शब्द हातून सांडला. माझी आजी तुमसरची. ती गोष्ट सांगायची तेव्हा तो शब्द दर वाक्यात यायचा. ‘राजाले म्हणे पोरगा नव्हता. मंग म्हणे राणीनं काय केलं…’ आम्ही पोरं तिची नक्कल करून हसायचो. तिला सही येत नव्हती, अंगठा लावायची. पण दर वाक्याला ती बजावत होती की बाबांनो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, माझ्या कानावर आलेलं आहे. पुढे आम्ही शाळेत गेलो आणि हे ‘म्हणे’ गावंढळ वाटायला लागलं. पेपरात ‘१७०२ साली नागपूर वसवले’ असं ठोकून लिहावं लागायचं. ‘वसवले म्हणे’ लिहिलं असतं तर मास्तरांनी पट्टी हाणली असती. मग शाळा सुटली, सनावळ्या विसरल्या, आणि ठोकून सांगायची सवय तेवढी अंगाला चिकटून राहिली.

आपलं सगळ्यांचं इतिहासाशी बिनसलंय ते इथेच, असं मला वाटतं. माहिती कमी आहे हे खरं, पण ती कोणाची पुरेशी असते?

तर बाकाबाई. भाचसून बरोबर आहे, पण अर्धी. तुम्ही चुकलात, पण तुम्हीही अर्ध्याच.

बाकाबाई ही दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी. रघूजी १८१६ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, आप्पासाहेब भोसल्यांची आणि इंग्रजांची सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, आप्पासाहेब हरले. १८१८ मध्ये इंग्रजांनी रघूजींच्या मुलीच्या मुलाला गादीवर बसवलं. तो लहान, म्हणून वाड्यातली देखरेख बाकाबाईकडे आणि राज्याचा कारभार इंग्रजांचा रेसिडेंट जेंकिन्स याच्याकडे. हाच मुलगा तिसरा रघूजी. तो ११ डिसेंबर १८५३ ला वारला, पोटी मुलगा नाही. डलहौसीनं दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. वाड्यातले दागिने, हत्ती, घोडे लिलावात निघाले. आता यात विकलं कोणी? कोणीच नाही. घेतलं. आणि बाकाबाईसकट राण्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, हेही खरं. इथवर भाचसून जिंकली.

पण पुढे १८५७ आलं. जूनमध्ये नागपुरातल्या घोडदळाचा उठावाचा बेत फुटला, काहींना फासावर चढवलं. त्या वेळी म्हाताऱ्या बाकाबाईनं आपलं सगळं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये हे अगदी कृतज्ञतेनं नोंदवलेलं आहे, की या राणीमुळे मराठी मुलूख शांत राहिला. ज्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी घरातले हत्ती विकले त्यांनाच बाईनं का सांभाळून घेतलं असेल? चाळीस वर्षांमागचा सीताबर्डीचा पराभव तिच्या समोरचा होता, तोच जुगार पुन्हा नको वाटला असेल. हा माझा अंदाज, याला ‘म्हणे’चाही आधार नाही.

१८५८ मध्ये ती गेली. काळी मारबत निघते १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. म्हणजे बाई जाऊन वीसपेक्षा जास्त वर्षं झाली होती. आणि मारबत काही एकट्या नागपूरची नाही. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ ओरडत ती गावाबाहेर नेतात. तिथे कोणी बाकाबाईचं नाव घेत नाही. खोकला, ताप, ढोरांचे आजार, डास, एवढंच. तेव्हा घरातली पीडा शिवेबाहेर टाकायची रीत आधीची असावी आणि बाकाबाईचं लुगडं तिच्या अंगावर मागाहून चढलं असावं. मिरवणुकीतल्या बडग्यांच्या, म्हणजे पुरुषी पुतळ्यांच्या, अंगावर आपण दरवर्षी नवे कपडे चढवतोच की. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी डेंग्यू.

लोकांच्या आठवणीनं केलं ते एवढंच, की १८५४ आणि १८५७ एकाच परातीत घेऊन मळले. राज्य गेलं, राणी इंग्रजांच्या बाजूला होती, म्हणजे राणीनंच राज्य दिलं. तीन वर्षांचं अंतर मध्ये होतं, ते कणकेत विरघळलं.

एक गंमत सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा कोणी सुरू केला? १८०६ मध्ये दुसऱ्या रघूजींनी, म्हणे. म्हणजे एकाच दिवशी तुमचा नातू नवऱ्यानं सुरू केलेला लाकडी बैल घेऊन फिरतो आणि गॅलरीतून बायकोचा पुतळा जाळायला जाताना बघतो. हे मला कुठल्याही वर्गात कोणी सांगितलं नाही.

‘म्हणे’ लावलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कोण म्हणे? गॅझेटियर लिहिणारा इंग्रज होता. त्याच्या राज्याला ज्यांचा उपयोग झाला त्यांची तो स्तुती करणारच. इतवारीतली माणसं राज्य गेलेली, तेव्हा ती शिव्या देणारच. एकानं आरती ओवाळली, दुसऱ्यानं पुतळा जाळला. दोघंही १८५७ च्या एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत, म्हणून ती गोष्ट घडली असावी असं मी धरतो. ‘विकलं’ मात्र दोघांपैकी एकच जण म्हणतो.

तुम्हाला वाटेल हा मोठा शहाणा. माझंच ऐका. वीस-पंचवीस वर्षं मी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला झिरो माइलला नेत होतो. ते दगडी घोडे, तो खांब, आणि मी छाती फुगवून: ‘हा बघा देशाचा मधोमध. इंग्रज इथूनच सगळ्या हिंदुस्थानची अंतरं मोजायचे.’ पाहुणे फोटो काढायचे. एकदा मुंबईचा साडू आला. इंजिनिअर माणूस, कुठेही काही कोरलेलं दिसलं की वाकून वाचायची खोड. खांबाशेजारच्या दगडाशी तो बसलाच. म्हणाला, ‘अहो, हा तर बेंच मार्क आहे. जी.टी.एस., १९०७.’ म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेच्या सर्वेक्षणवाल्यांनी या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की करून ठेवलेली खूण. १०२०.१७१ फूट. इतकी वर्षं मी अंतराचं सांगत होतो आणि दगड उंचीचं सांगत होता. मग तो खांबाभोवती फिरला. चांदा, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, जबलपूर, आणि लांबात लांब म्हणजे हैदराबाद. ‘देशाचा मध्य म्हणता आणि दिल्लीचं नाव नाही?’ मी त्याला तर्री पोहे खायला घेऊन गेलो.

मध्यबिंदूचं चुकलं याचं मला फारसं काही वाटलं नाही, सगळं नागपूरच तसं सांगतं. लाज वाटली ती याची, की त्या दगडापासून चार पावलांवर उभा राहून मी तो एकदाही वाचला नव्हता.

पण ऐकीव म्हणजे फालतू, असंही समजू नका. माझ्या ऑफिसात एक बंगाली बाबू होते, धंतोलीत राहायचे. एकदा डब्याच्या वेळी मी पहिल्या रघूजींचं कौतुक लावलं होतं. बंगालपर्यंत घोडी नेली, नबाबाला चौथाई द्यायला लावली वगैरे. बाबूंनी डबा बंद केला आणि शांतपणे म्हणाले, त्यांची आई त्यांना निजवताना बर्गी आल्याचं गाणं म्हणायची. बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावर बसणारे स्वार. १७४२ पासून १७५१ पर्यंत भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात राहिल्या. मध्येच १७४४ मध्ये बंगालच्या नबाबानं, अलीवर्दीखानानं, भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर यांना बोलणी करायला बोलावून मारलं. शेवटी वर्षाला १२ लाखांची चौथाई आणि ओरिसा यांवर तह झाला. हे सगळं मी नंतर वाचलं. बाबूंच्या आईला यातला एक सन ठाऊक नसणार. पण गावावर घोडी आली की काय होतं, हे तिच्या गाण्यात दोनशे वर्षं टिकलं होतं. नागपुरात ते गाणं कोणी गात नाही. आपण घोड्यावर होतो ना.

त्या दिवसापासून मी डब्याच्या वेळी रघूजींबद्दल बोलताना आवाज जरा खाली आणला. कौतुक सोडलं नाही, पण बंगालात ते कसं ऐकू जातं हे कळलं.

आणि विसरायला दोनशे वर्षं लागतात असंही नाही. मागे रिक्षानं सीताबर्डीच्या उड्डाणपुलावरून जात होतो. रिक्षावाला असेल बावीस-तेवीसचा. मी सहज विचारलं, ‘काय रे, पुलाला गोवारी शहीद नाव आहे, हे कोण माहीत आहे का?’ म्हणाला, ‘बॉर्डरवरचे असतील ना काका.’ २३ नोव्हेंबर १९९४. अधिवेशन चालू होतं, गोवारी समाज आदिवासींच्या सवलतींसाठी मोर्चा घेऊन आला होता. लाठीमार आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, त्यात बायका-मुलं किती. त्या संध्याकाळी रस्त्यावर चपलांचा खच होता. मी ते पाहिलं आहे, इथे ‘म्हणे’ लावणार नाही. त्या पोराला मी ओरडलो नाही. त्याला सांगणारे आम्ही होतो आणि आम्ही सांगितलं नव्हतं. पुलाचं नाव एकटं काय काय सांगणार?

तुमच्या साहेबांचं ‘आपल्याला काय करायचं’ म्हणाल, तर त्यांना एवढंच विचारा, की डिसेंबरात त्यांची गाडी सिव्हिल लाइन्समध्ये तासभर का अडकते. अधिवेशनामुळे. आणि अधिवेशन नागपुरात का? १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं. महाराष्ट्रात यायचं तर राजधानीपण जाणार, म्हणून २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून काही काळ सरकार इथे आणायचं कबूल झालं. इतिहासाचं काही करायचं नसलं तरी तो चौकात शिट्टी मारून थांबवतोच.

आता भाचसून. राग धरू नका. माहिती तिची बरोबर होती, वेळ चुकली. मोठ्या माणसाला नातवासमोर आणि चारचौघांत दुरुस्त करायचं नसतं, एवढं तिच्या अभ्यासक्रमात नसावं. पुण्याचं पाणी, म्हणे. शिवाय ज्यांनी एम.ए. केलंय तीही आपापल्या पट्ट्याबाहेर तुमच्या-आमच्यासारखीच असतात. चौथीत आपण सगळे प्रतापगड पाठ करतो. ज्या गावात राहतो ते कोणी वसवलं म्हटलं की घसा कोरडा पडतो. देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहानं, छोट्या छोट्या वाड्यावस्त्या जोडून. तुम्ही ज्या गांधी गेटमधून महालात भाजीला जात असाल तो जुम्मा दरवाजा, आणि शुक्रवारी तलाव म्हणजे जुम्मा तलाव. दोन्ही त्याच्या मुलाच्या, चांद सुलतानाच्या काळातले. जुम्म्याचा शुक्रवार झाला आणि मग गांधीसागर झाला. हे तिला ठाऊक असेल की नाही सांगता येत नाही, पण सूड म्हणून विचारू नका बरं का. तिला एखाद्या रविवारी बोलवा, सांबारवडी तळा, आणि सरळ म्हणा, ‘पोरी, तू त्या दिवशी अर्जांचं म्हणालीस, ते कुठे लिहिलंय? मला दाखव.’ शिकलेल्या माणसाला यापेक्षा गोड आमंत्रण नसतं. नातवाला शेजारी बसवा. आजीसुद्धा विचारते, हे त्याला दिसू दे.

त्याला काय सांगायचं, ते तुमच्या शब्दांत सांगा. माझे हवे असतील तर हे घ्या: ‘अरे, मी माझ्या सासूबाईंकडून ऐकलं होतं, तेच तुला सांगितलं. आता थोडं जास्त कळलंय. ती राणी शेवटी इंग्रजांच्या बाजूनं होती. पण राज्य तिनं विकलं नाही, ते त्यांनी घेतलं. आणि ही बाहुली तीच राणी आहे, असं लोक म्हणतात.’ तिसरीतलं पोर आहे, लगेच विचारेल, ‘लोक म्हणजे कोण?’ मग समजा तुमचं काम झालं. (सासूबाईंकडून ऐकलं नसेल तर ज्यांच्याकडून ऐकलं त्यांचं नाव घाला. मी अंदाजानं लिहिलंय.)

बोलूच नये का, असं विचारलंत. ताई, तुमची ती एकुलती एक तारीख दिवसासकट बरोबर आहे. जमशेटजी टाटांची मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, आणि त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. मिलची जागा दलदलीची होती. नागपूरच्या एका सावकारानं म्हणे पैसे द्यायला नकार दिला, की हा माणूस जमिनीत सोनं पुरून माती काढतोय. आणि पुढे तोच म्हणे कबूल झाला, की टाटांनी माती पुरली आणि सोनं काढलं. तुमच्या बाबांनी ही गोष्ट सांगितली असेलच.

आता तिथे मॉल आहे. तुमचा नातू तिथे सरकत्या जिन्यावरून वरखाली करत असेल. मिलची स्थापना, भांडवल, मालक हे भाचसुनेला ग्रंथालयात मिळेल. पहाटेचा भोंगा इतवारीत ऐकू यायचा का, पाळी सुटल्यावर बाबांच्या केसांत कापसाची पिंजण असायची का, पगाराच्या दिवशी घरी काय यायचं, मिल बंद पडायला लागली तेव्हा ते घरात काय बोलायचे, हे तिला तुमच्याशिवाय कुठे मिळणार नाही. सांबारवडीच्या रविवारी वही-पेन तिच्या हाती द्या.

आणि बाबा कोणत्या खात्यात होते, कोणत्या पाळीला जायचे, ते पत्रात लिहायचं राहिलं. पुढच्या पत्रात कळवा.